दोष टाकीत, शिक्षा कार्बोरेटरला

पोयनाडहून अलिबागकडे निघालं की कार्ले खिंडीचा चढ लागतो. चढ काही फार नाही, पण वडखळच्या गर्दीतून रखडत आलेली जुनी फियाट नेमकी इथे आचके देऊ लागते आणि कडेला उभी राहते. बॉनेट उघडतं. मदतीला थांबलेल्या प्रत्येकाचं बोट एकाच वस्तूकडे जातं, ती म्हणजे कार्बोरेटर.

जुन्या गाड्यांवर हात बसलेला मिस्त्री मात्र आधी मागे जातो आणि टाकीचं झाकण सैल करतो. टाकीत हवा जायला झाकणाला बारीक भोक असतं. ते धुळीने बुजलं की पेट्रोल उपसलं जाईल तशी आत पोकळी तयार होते आणि पंपाला ओढ मिळत नाही. झाकण फिरवताना फुस्स असा आवाज आला आणि गाडी चालू झाली, तर कार्बोरेटरला हातही लावायचं कारण नाही. भोक साफ केलं की काम झालं.

प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली फियाट 1100, म्हणजे 1974 पासूनची पद्मिनी, या बाबतीत सरळ गाडी आहे. 1089 सीसीचं इंजिन पुढे, टाकी मागे. मधे गाडीच्या पोटाखालून गेलेली धातूची नळी, टोकांना रबरी पाइप, आणि इंजिनच्या अंगाला लावलेला, कॅमशाफ्टवर चालणारा डायफ्रॅमचा पंप. विजेचा यात संबंध नाही. पंप मागून ओढतो आणि पुढे ढकलतो. निम्मं निदान या एवढ्या वाक्यात आहे.

पंपाच्या पुढचा पाइप फुटला तर पेट्रोल ठिबकतं, वास येतो, दोष लपत नाही. पंपाच्या मागचा पाइप चिरला तर गाडी चालू असताना एक थेंबही सांडत नाही, कारण तिथे पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं दिसतं, मालक निश्चिंत असतो आणि कार्बोरेटर पुन्हा पुन्हा खोलला जातो. रेवदंडा-मुरूडच्या खाऱ्या हवेत गाडीखालची धातूची नळी क्लिपांच्या खाली गंजते, तिथे नजर पोचत नाही. म्हणून बोटाने चाचपावं लागतं.

खात्री करायला बाटली पुरते. कॉइलची वायर काढायची म्हणजे ठिणगी पडणार नाही, कार्बोरेटरकडची नळी सोडवून बाटलीत धरायची आणि सेल्फ मारायचा. प्रत्येक फेऱ्याला भरघोस पिचकारी आली तर पंपापर्यंत सगळं ठीक आहे. बुडबुडे आले तर मागे कुठे तरी हवा घुसते आहे. धार मरतुकडी असेल तर जाळी तुंबलेली किंवा डायफ्रॅम थकलेला. डायफ्रॅम फाटला असेल तर पेट्रोल इंजिनच्या ऑइलमध्येही उतरू शकतं. डिपस्टिक काढून हुंगली की कळतं. अशा वेळी ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालवू नये.

बाटली तशीच थोडा वेळ स्थिर ठेवावी. तळाला वेगळा थर दिसला तर खरा गुन्हेगार सापडला, तो म्हणजे पाणी. किनाऱ्यावर हाच सर्वांत जास्त भेटतो, असं म्हणायला हरकत नाही. मार्च 2020 मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाल्यावर मुंबईची गाडी तासाभरात अलिबाग तालुक्यात उतरू लागली. हौसेची जुनी गाडी मग बंगल्याच्या आवारात महिनोन्महिने उभी राहते, टाकी अर्धी रिकामी. दमट हवा आत येते, रात्री थंड पत्र्यावर पाणी धरतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी बसतं आणि ओढनळीचं तोंडही तिथेच असतं.

इथेनॉलने हा प्रकार अधिक गुंतागुंतीचा केला. आता पंपावर मिळणारं पेट्रोल 20 टक्के इथेनॉलचं आहे. इथेनॉल थोडं पाणी पोटात घेतं. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली उतरतात. जुनं रबर इथेनॉलने फुगतं, आतून सुटतं आणि त्याचे काळे कण कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या सुईखाली अडकतात. मग फ्लोट चेंबर भरून वाहतो. धूर काळा येतो, मालक म्हणतो गाडी जास्त पेट्रोल खाते. इथेनॉल चालणारा नवा पाइप हा खर्च टाळू नये.

खिंडीत गाडी बंद पडण्याचं आणखी एक कारण उरतं, ते उष्णतेचं. रखडत्या वाहतुकीत पंप तापतो, नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ उपसतो. पंपावर ओलं फडकं ठेवणं हा जुन्या चालकांचा उपाय आजही चालतो. पण इग्निशनचा कंडेन्सरही अनेकदा गरम झाल्यावरच दगा देतो. म्हणून फडक्यावर विश्वास टाकण्याआधी ठिणगी बघावी.

हे सगळं निकालात निघाल्यावर कार्बोरेटर. सोलेक्स बनावटीच्या कार्बोरेटरच्या जेटवर 120 कोरलेलं असेल तर भोक 1.20 मिलिमीटरचं असतं. त्यात तार घालणारे मिस्त्री आजही आहेत. तारेने भोक रुंदावतं आणि गाडीचं मिश्रण कायमचं बिघडतं. जेट फक्त हवेने फुंकायचा.

2021 च्या नियमांनुसार 50 वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. पहिल्या पद्मिनी त्या वयात आल्या आहेत. ज्यांच्या आवारात अशी गाडी आहे त्यांनी ती पावसाळाभर उभी करण्याआधी टाकी आणि फ्लोट चेंबर रिकामे करावेत. महिनाभराचाच प्रश्न असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवावी. अर्धी मात्र ठेवू नये.