मोटारघराचा जीर्णोद्धार

जुने म्हणजे टाकाऊ, असा निकाल आजकाल फार घाईने दिला जातो. वीस वर्षांच्या वकिलीचा परिणाम म्हणा किंवा स्वभावधर्म म्हणा, पुरावा तपासल्यावाचून दिलेला निकाल आम्हांस मानवत नाही. आमच्या मोटारघरावरील सौर विजेच्या बाबतीत या स्वभावाचा उपयोग झाला, तो वाचकांस निवेदन करावासा वाटतो.

मोटारघर हा शब्द भारदस्त खरा. वस्तुतः एका जुन्या मिनीबसमध्ये बसविलेली दोन बाकडी, एक ओटा आणि एक लहानसा फ्रिज एवढीच ती इस्टेट आहे. आमचे घराणे बडोद्यास स्थायिक होऊन पिढ्या लोटल्या. कुलदैवत श्रीमंगेश मात्र गोव्यात, सुमारे हजार किलोमीटरांवर. मातोश्रींनी ऐंशी ओलांडली आणि रेल्वेची दगदग त्यांना सोसवेना, म्हणून ही गाडी घेतली. त्यांना इन्सुलिन लागते, आणि न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवाव्या लागतात. गेल्या वैशाखातील प्रवासात रात्री दोनच्या सुमारास बॅटरी मान टाकू लागली आणि फ्रिज बंद पडू लागला. “यापुढे माझ्यासाठी गाडी काढू नका,” असे मातोश्री म्हणाल्या, तेव्हा प्रश्न केवळ विजेचा राहिला नाही.

एका विक्रेत्याने गाडीस प्रदक्षिणा घालून, छतावरचे सारे उतरवून नवे बसवा, असा सल्ला दिला. त्याच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने जगापुढे मांडलेला सिलिकनचा सौरघट प्रकाशाच्या सुमारे सहा टक्के भागाचीच वीज करी. आजची चांगली पॅनेले वीस टक्क्यांहून अधिक करतात. परंतु आमची शंभर वॅटची दोन पॅनेले अवघी नऊ वर्षांची होती. भर दुपारी मीटर लावून पाहिले, तो त्यांची विद्युत्धारा जवळजवळ पहिल्याइतकीच! अशी पॅनेले वर्षाकाठी साधारण अर्धा टक्का शक्ती गमावतात. आरोपी निर्दोष सुटला.

खरा दोष दोन ठिकाणी निघाला. पहिला कंट्रोलरमध्ये. जुना पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनेलास जणू थेट बॅटरीच्या दावणीला बांधतो. पॅनेल १८ व्होल्ट दाबाने साडेपाच अँपिअर देते, म्हणजे शंभर वॅट. बॅटरीचा दाब साडेबारा व्होल्ट. धारा तीच, दाब कमी. पदरात पडतात जेमतेम सत्तर वॅट. छत तापले की पॅनेलाचाही दाब उतरतो आणि हा फरक घटतो, पण राहतोच. एमपीपीटी कंट्रोलर हा जादा दाब धारेत परिवर्तित करतो. त्यामुळे दोन्ही पॅनेले एकापुढे एक अशी मालिकेत जोडता आली. दाब दुप्पट, धारा निम्मी, आणि जुन्याच तारांतून वीज कमी वाया जाऊ लागली. एकावर सावली पडली तर दुसऱ्यासही फटका बसतो, एवढे मात्र गाडी उभी करताना ध्यानात ठेवावे लागते.

दुसरा दोष बॅटरीत. शिसे-आम्लाच्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक वीज वारंवार उपसली तर तिचे आयुष्य खुंटते; आमची तर थकलेलीच होती. तिच्या जागी १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आली. तिचे ऐंशी टक्के बिनघोर वापरता येतात. म्हणजे सुमारे हजार वॅट-तास. रात्रीचा खर्च असा: ४५ वॅटचा फ्रिज निम्मा वेळ चालला तर चौदा तासांत ३१५, पंखा २००, दिवे ६०, एकूण ५७५.

नवी बॅटरी जुन्या शिस्तीत मात्र नांदत नाही. शिसे-आम्लासाठी केलेली चार्जिंगची मांडणी बदलावी लागते. ढगाळ दिवसांसाठी इंजिनाच्या अल्टरनेटरची मदत घ्यावी, तर लिथियम इतकी धारा ओढते की तो तापून बिघडू शकतो. म्हणून मध्ये धारा आवरणारा डीसी-डीसी चार्जर बसविला. बॅटरीच्या अगदी निकट फ्यूज हवा, हे सांगणे न लगे.

आपल्या समाजास हा विवेक नवा नाही. देवळाच्या जीर्णोद्धारात कुजलेली तुळई बदलतात, मूर्ती नव्हे. १५६० मध्ये कुशस्थळीहून श्रीमंगेश प्रियोळास आणले गेले, तेव्हा देऊळ मागे राहिले आणि देव बरोबर आला. काय न्यावे आणि काय सोडावे, हे आपल्या पूर्वजांना फार बिकट प्रसंगी ठरवावे लागले होते. आमच्यापुढे प्रश्न एका गाडीच्या छताचा होता.

माघातील जत्रेस मातोश्री आल्या. पहाटे उठून त्यांनी स्वतः फ्रिजचे दार उघडले, कुपीस हात लावून पाहिला आणि काही न बोलता अंघोळीची तयारी करू लागल्या.