पंखा नवसात नव्हता

नवी दिल्ली

चि. छकुली,

तुझं पाकीट मिळालं. पणजीच्या कार्निव्हलचे फोटो जेवणाच्या टेबलावर पसरून दोनदा पाहिले. ते चित्ररथ, मांडवीच्या काठची गर्दी, आणि चार दिवस सगळ्यांनी खाऊन-पिऊन नाचावं असं फर्मान काढणारा तो मुकुटवाला मोमो राजा. फोटोंमागे तू लिहिलं आहेस, "मावशी, तुझ्या एवढ्या मोठ्या राजधानीत असं काहीच नाही का? नुसती २६ जानेवारीची परेडच?"

आहे गं. दिल्लीत असा एक उत्सव आहे आणि माझा त्याच्यावर फार जीव आहे. त्याचं नाव 'फूलवालों की सैर'. कागदोपत्री 'सैर-ए-गुलफरोशाँ' म्हणतात, पण बोलताना सगळे फूलवालों की सैरच म्हणतात. कुतुबमिनारच्या मागे मेहरौलीच्या जुन्या गल्ल्यांत, पावसाळा सरता सरता हा भरतो. पूर्वी भादव्यात भरायचा, हल्ली बहुधा ऑक्टोबरच्या आसपास. तुमच्याकडे खोटा राजा चार दिवस खरा होतो. इथे खरा राजा होता, पण वर्षभर नावापुरता, आणि या काही दिवसांत मात्र अख्खं शहर आपणहून त्याच्यामागे चालत जायचं. नीट सांगते.

हा राजा म्हणजे अकबरशाह दुसरा. १८०६ मध्ये तख्तावर बसला तेव्हा त्याची सत्ता लाल किल्ल्याच्या भिंतीपाशी संपत होती. बाहेर इंग्रजांचा रेसिडेंट. पेन्शन तो ठरवणार आणि वारसही त्यालाच विचारून. बादशहाचा थोरला मुलगा अबू जफर. पण बादशहाचा आणि त्याची लाडकी बेगम मुमताज महल हिचा जीव धाकट्या मिर्झा जहाँगीरवर. युवराज तोच व्हावा असा तिचा हट्ट होता. रेसिडेंट आर्चिबाल्ड सेटन यानं नकार दिला. पोरगा विशीच्या आतला, लाडानं वाया गेलेला. सांगतात की त्यानं भर दरबारात सेटनचा अपमान केला, आणि काही दिवसांनी किल्ल्यातल्या नौबतखान्याच्या गच्चीवरून त्याच्यावर गोळी झाडली. सेटन वाचला. मिर्झा जहाँगीरची रवानगी अलाहाबादला, नजरकैदेत झाली.

इथं जरा थांबते, कारण तो इंग्रज दिल्लीत आला कसा हे आपण मराठी माणसांनी विसरू नये. जहाँगीरचा आजोबा शाह आलम. पेशव्यांच्या फौजांनी आणि महादजी शिंद्यांनी त्याला १७७२ मध्ये दिल्लीच्या तख्तावर आणून बसवलं. १७८८ मध्ये गुलाम कादिरनं त्याचे डोळे काढले, तेव्हा दिल्ली सोडवली तीही महादजींच्याच फौजेनं. पुढे ११ सप्टेंबर १८०३ ला यमुनेपलीकडे पटपडगंजला दौलतराव शिंद्यांची फौज जनरल लेककडून हरली, आणि दिल्लीचा बादशहा इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्या लढाईचा स्मृतिस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ कोर्सवर उभा आहे. पलीकडच्या रस्त्यानं गाडी जाते तेव्हा दर वेळी माझ्या पोटात कालवतं. तिथे आपण हरलो नसतो, तर सेटन इथे नसता, ती गोळी सुटली नसती आणि ही सैरही झाली नसती.

तर पोरगा अलाहाबादेत, आणि आई दिल्लीत. राज्याची सूत्रं तिच्या हातात नव्हती, म्हणून तिनं जे आपल्याकडची कुठलीही आई करेल तेच केलं. नवस बोलली. मेहरौलीला ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकींचा दर्गा आहे. अजमेरच्या मोईनुद्दीन चिश्तींचे हे शिष्य, १२३५ मध्ये वारले. मुलगा सुटून आला तर यांच्या कबरीवर चादर चढवीन, असा तिचा नवस. मुलाला दिल्लीला यायची परवानगी मिळाली. नवस फेडायला बादशहाचं सगळं बिऱ्हाड मेहरौलीला निघालं, आणि त्याच्यामागे दिल्ली. १८१२ च्या सुमाराची ही गोष्ट. वीसेक किलोमीटरची वाट, रथ, पालख्या, बैलगाड्या आणि पायी चालणारे. सात दिवस मुक्काम.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते ऐक. बेगमेच्या नवसात चादर होती. पंखा नव्हता. फुलांची कामं करणारे दिल्लीचे जे फुलारी होते (आपल्याकडे सोलापूरला फुलारी आडनावच आहे बघ), त्यांनी दर्ग्यात न्यायला फुलांची एक मसहरी (मच्छरदाणीसारखं छत) केली, आणि आपल्या मनानं तिला फुलांचा एक मोठा पंखा जोडला. कुणी सांगितलं नव्हतं. पोर घरी आलं, आईचा नवस फिटतोय, तर आपल्या हातातलं जे आहे ते थोडं जास्तीचं द्यावं, एवढंच. बादशहाला तो पंखा इतका आवडला, लोक इतके खूश झाले, की हे दर वर्षी व्हावं असं ठरलं. म्हणून या उत्सवाच्या नावात बेगम नाही, बादशहा नाही, ख्वाजाही नाहीत. फूलवाले आहेत. दिल्लीत राजांची नावं किती दगडांवर कोरली आहेत, मोजता येणार नाहीत. पण कामकऱ्यांचं नाव लागलेला असा जुना उत्सव या शहरात मला दुसरा माहीत नाही, आणि म्हणूनच तो तख्तापेक्षा जास्त टिकला असं मी मनापासून मानते.

दुसरी गोष्ट योगमायेची. दर्ग्यापासून पायी थोड्या अंतरावर योगमायेचं देऊळ आहे. कृष्णजन्माच्या रात्री यशोदेची जी मुलगी देवकीच्या कुशीत आणून ठेवली, कंस जिला शिळेवर आपटायला गेला आणि जी हातातून निसटली, तीच ही देवी. या मेहरौलीचं ती फार जुनं दैवत. बादशहानं ठरवलं की पंखा दर्ग्यात जाईल तसा देवीलाही जाईल. एक दिवस देऊळ, दुसऱ्या दिवशी दर्गा. आजचं देऊळ याच अकबरशाहच्या काळात, १८२७ मध्ये लाला सेठमल यांनी नव्यानं बांधलेलं.

आणि मधल्या दिवसांत नुसती मौज. इल्तुतमिशनं १२३० मध्ये बांधलेला हौज-ए-शम्सी नावाचा तलाव तिथे आहे, काठावर जहाज महाल आहे, पाण्यात त्याचं प्रतिबिंब जहाजासारखं दिसतं म्हणून ते नाव. तलावाचं पाणी खाली 'झरना' नावाच्या बागेत पडायचं. पोरं तिथे वरून उड्या घ्यायची, पोहण्याच्या शर्यती लागायच्या, पतंग, कुस्त्या, कव्वाल्या. आमराईत झोके बांधायचे, आणि किल्ल्याच्या भिंतींबाहेर क्वचितच पडणाऱ्या बायका त्या झोक्यांवर भर पावसात झुलायच्या. आपल्या नागपंचमीचे झोके आठवतात ना? आजीच्या अंगणातल्या त्या लिंबाखालचा? मला मेहरौलीची आमराई तशीच दिसते.

मिर्झा जहाँगीर मात्र सुधारला नाही. त्याला पुन्हा अलाहाबादला पाठवलं आणि तिथेच १८२१ मध्ये, दारूनं, तिशी जेमतेम ओलांडून तो गेला. स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं तर कुठली चेरी ब्रँडी तो प्यायचा तेही लिहून ठेवलंय. त्याची कबर निजामुद्दीनच्या दर्ग्याच्या आवारात आहे. संगमरवराची, नाजूक नक्षीची. मी तिथे गेले की त्याच्या आईचा विचार येतो. ज्याच्यासाठी नवस, तो राहिला नाही, पण नवस दर वर्षी फिटत राहिला.

तो चालू ठेवला कुणी? ज्याला डावलून जहाँगीरला गादी द्यायची होती, त्या अबू जफरनं. तोच १८३७ मध्ये बादशहा झालेला बहादुरशाह जफर. सावत्र आईनं धाकट्या भावासाठी सुरू केलेला हा उत्सव बंद करायला त्याला एक शब्द पुरला असता. त्याऐवजी सैरीचा सगळ्यात मोठा थाट त्याच्याच काळात झाला. मेहरौलीतल्या बादशाही वाड्याला त्यानं हत्ती जाईल एवढा दरवाजा बांधला, आजही त्या वाड्याला जफर महाल म्हणतात. त्याची एक हकीकत नोंदलेली आहे. एका वर्षी त्याला पंख्याबरोबर योगमायेच्या देवळात जाता आलं नाही. तेव्हा तो म्हणाला, देवळात गेलो नाही तर दर्ग्यातही जाणार नाही. आणि गेला नाही. राज्य गेलेल्या माणसानं हा तराजू इतका सरळ धरला, याचं मला फार मोल वाटतं.

जफर महालाला लागून मोती मशीद आहे, आणि तिच्याजवळच्या छोट्याशा आवारात शाह आलम आणि अकबरशाह यांच्या कबरी. दोघांच्या मधे एक जागा मोकळी आहे. ती जफरनं स्वतःसाठी ठेवली होती. १८५७ नंतर इंग्रजांनी त्याला रंगूनला नेलं, ७ नोव्हेंबर १८६२ ला तो तिथेच वारला. ती मोकळी जागा मी तुला दाखवीन. महादजींनी ज्याला तख्तावर बसवलं तो आंधळा बादशहा एका बाजूला निजलेला, आणि मधे ती रिकामी माती. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तिथून हलवेना.

१८५७ नंतर बादशहा नव्हता, तरी फुलारी होतेच. सैर चालू राहिली. १९४२ च्या 'चले जाव'च्या धामधुमीत इंग्रजांनी ती बंद पाडली, कारण इतक्या लोकांचं एकत्र येणं त्यांना नको होतं. मग फाळणी आली. १९४७ च्या दंगलीत मेहरौलीचे मुसलमान घरं सोडून गेले, दर्ग्याच्या संगमरवरी जाळ्या फोडल्या गेल्या. १३ जानेवारी १९४८ ला गांधीजींनी दिल्लीत शेवटचं उपोषण सुरू केलं, ते सोडण्यासाठी ज्या अटी होत्या त्यांतली एक याच दर्ग्याची होती. ख्वाजांचा उरूस नेहमीसारखा भरावा आणि मुसलमानांना तिथे निर्भयपणे जाता यावं. १८ तारखेला उपोषण सुटलं. २७ जानेवारीला ते स्वतः मेहरौलीला उरुसाला गेले, फुटलेल्या जाळ्या पाहिल्या, लोकांशी बोलले. तीन दिवसांनी ३० जानेवारी. दर्ग्याच्या पायऱ्या चढताना मला बादशहा आठवण्याआधी गांधीजी आठवतात.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला पंडित नेहरूंनी मनावर घेतलं, योगेश्वर दयाल आणि जुन्या दिल्लीतल्या इतरांनी धावपळ केली, आणि सैर पुन्हा उभी राहिली. आता 'अंजुमन सैर-ए-गुलफरोशाँ' ही संस्था ती भरवते. शहनाईच्या सुरावर सुरुवात होते, नायब राज्यपालांना पंखा दिला जातो, वेगवेगळी राज्यं आपापले पंखे आणि कलावंत पाठवतात. जहाज महालाशी रात्रभर नाच-गाणी आणि कव्वाली.

मी पहिल्यांदा गेले त्याला बारा-तेरा वर्षं झाली. दिल्लीत इतकी वर्षं राहून मी ऐकलंही नव्हतं. शेजारच्या वयस्क खालांनी हाताला धरून नेलं. मेहरौलीची गल्ली म्हणजे दोन रिक्षा समोरासमोर आल्या की अडतात अशी. त्यातून मिरवणूक. पुढे शहनाई, मग ढोल, मग उंच बांबूंवर धरलेले ते पंखे, झेंडू, गुलाब, मोगरा आणि चमचमणारी पन्नी. विजेच्या तारा आल्या की एक मुलगा लांब काठीनं त्या वर उचलायचा आणि पंखा जरा तिरका करून खालून काढायचे. आपल्या गणपतीच्या मिरवणुकीत तू लहानपणी हेच बघून टाळ्या पिटायचीस. गच्च्यांवरून बायका पाकळ्या टाकत होत्या, आणि जमिनीवर चिरडलेल्या झेंडूचा तो कडवट, ओला वास. दसऱ्याच्या संध्याकाळी दारातल्या तोरणाला येतो तसा.

देवळात टोप्या घातलेल्या म्हाताऱ्यांनी पंखा पुजाऱ्यांच्या हातात दिला. दुसऱ्या संध्याकाळी दर्ग्यात चादरीचं एक टोक कपाळावर टिळा असलेल्या माणसानं धरलं होतं. दर्ग्यात कबरीच्या कठड्याजवळ बायका जात नाहीत, म्हणून मी आणि खाला जाळीबाहेर उभ्या होतो. खालांनी ओंजळभर गुलाब माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, तुझ्या आईसाठी टाक. माझी आई तेव्हा नुकतीच गेली होती, तुला आठवत असेल. मी जाळीतून फुलं टाकली. कुणापाशी रडायला इतकी मोकळीक मला त्या दिवसांत दुसरीकडे कुठे मिळाली नव्हती.

तू म्हणशील की महादजींना हे पटलं असतं का. बीडच्या मन्सूरशाह बाबांवर त्यांची किती श्रद्धा होती हे शिंद्यांच्या घराण्यात आजही मानतात. आणि आपल्या सांगलीकडे कडेगावला मोहरमचे गगनचुंबी ताबूत उचलायला हिंदू घरांचे मान ठरलेले आहेत, ते तू पाहिलंच आहेस. आपल्याला हे शिकवावं लागत नाही, फक्त आठवण करून द्यावी लागते.

तर ये. तारीख जाहीर झाली की फोन करते, रजा आधीच टाकून ठेव. मेट्रोच्या पिवळ्या लाइनवर कुतुबमिनार स्टेशनला उतर, मी बाहेर उभी असेन. ओढणी घेऊन ये, दोन्हीकडे डोकं झाकावं लागतं. आणि सहज निघतील अशा चपला घाल, दोन संध्याकाळी दोन दारांशी काढायच्या आहेत.

तुझी,
मावशी