भरल्या बोटीतली रिकामी खोली

सिंगापूरहून निघणाऱ्या बोटीच्या सगळ्या खोल्या भरल्या, हे महिनाभर आधीच कळलं होतं. तरीही आम्हांला गॅलरीची खोली मिळाली! कशी, ते सांगते. तुमचाही बेत असेल तर उपयोगी पडेल.

बुकिंगनंतर कंपनीचा ई-मेल येतो (सगळ्यांना येतोच असं नाही): वरच्या वर्गाची खोली हवी तर बोली लावा. रॉयल कॅरिबियन ह्याला 'रॉयलअप' म्हणते. आमची कंपनी दुसरी. बोली माणशी असते आणि साधारणपणे खोलीतल्या पहिल्या दोघांचीच धरतात. म्हणजे शंभर डॉलर लिहिले की दोनशे गेले, बरं का! मान्य झाली तरच पैसे कापतात, मग मात्र परत नाहीत. तोवर बोली मागे घेता येते.

पण भरल्या बोटीत जागा येते कुठून? आयत्या वेळी कुणीतरी येणं रद्द करतं. त्याच्या खोलीत खालचा वर सरकतो, त्याच्या जागी आणखी खालचा, आणि शेवटी सुटलेली बिनखिडकीची स्वस्त खोली नव्या गिऱ्हाइकाला विकतात. चाळीत एक बिऱ्हाड हललं की तीन हलतात, तसंच!

ह्यांनी एक गोष्ट मला सांगितली नव्हती. नवी खोली कुठली, ते कंपनी ठरवते. होकार आला दोनच दिवस आधी. सासूबाई आणि लेक आमच्या समोरच्या खोलीत होत्या ना, त्या राहिल्या तिसऱ्या मजल्यावर आणि आम्ही नवव्या! रात्री सासूबाईंना उठवायला-बसवायला माणूस लागतं. लेकीला वर धाडून मी खालीच निजले. गॅलरीतून समुद्र पाहिला तो बापलेकीनं. तिसऱ्या दिवशी सासूबाईच म्हणाल्या, "चल, तुझी ती गॅलरी दाखव तरी."