जालना : सावकाश पाहावे असे गाव

जालन्यास माणसे कामासाठी जातात. कोणी बियाणे आणावयास, कोणी लोखंडी सळईचा सौदा करावयास, कोणी डोळे दाखवावयास. केवळ गाव पाहण्यासाठी निघालो आहोत, असे सांगणारा प्रवासी मला तरी भेटलेला नाही. आम्हीही गेल्या माघात गेलो ते सासूबाईंच्या डोळ्यांसाठीच. वय एकोणऐंशी. उजव्या डोळ्याची दृष्टी काचबिंदूने नेलेली. डाव्या डोळ्यातील मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन दीड महिना लोटला होता आणि शेवटची तपासणी बाकी होती. ती उरकली, डॉक्टरांनी प्रवासास मोकळीक दिली, तशा बाहेर येता येताच त्या म्हणाल्या, "आता मला जांबेचा राम दाखव. या डोळ्याचा तरी काय भरवसा?"

त्यांचे म्हणणे अस्थानी नव्हते. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने परत मिळू शकते. काचबिंदूने गेलेली मिळत नाही. तो बहुधा वेदना न देता येतो, आधी कडेची नजर खातो आणि माणसाला पत्ता लागेतो बराच पुढे गेलेला असतो. आमच्या घरीही तसेच झाले. चाळिशीनंतर डोळ्यांतील दाब आणि दृष्टिपटलामागील नस नियमित तपासून घेतली असती, तर उजवा डोळा कदाचित वाचला असता, ही खंत मनात आहेच.

म्हणून दोन दिवस नणंदेकडे मुक्काम ठेवला आणि ठरविले की दिवसाकाठी दोनच ठिकाणे पाहावयाची.

पहिल्या सकाळी मोती तलाव. सोळाव्या शतकात जमशेदखानाने हा तलाव बांधला आणि भूमिगत नळांनी त्याचे पाणी शहरात खेळविले. त्याच्याच काळातील, १५७८ची काळी मशीद आजही उभी आहे. तलावाजवळची मोतीबाग सकाळी फिरणाऱ्यांनी गजबजलेली असते. सासूबाई पन्नास पावले चालत, बाकावर बसत, पुन्हा उठत. एका डोळ्याने पाहणाऱ्याला खोलीचा अंदाज नीट येत नाही. सपाट दिसणारी पायरी वस्तुतः वीतभर खाली असते. सोबत्याने हात धरून ओढू नये. आपला कोपर त्यांच्या हाती द्यावा, अर्धे पाऊल पुढे चालावे आणि "आता उतार आहे", "आता पायरी आली" असे आधी सांगावे. आम्ही हे शिकलो तेही एकदा घरच्याच उंबऱ्यावर त्या पडल्यानंतर.

दुपारी विश्रांती. उन्हे कलल्यावर जुन्या जालन्यातील आनंदीस्वामींचे मंदिर. आषाढी एकादशीला तेथे मोठी यात्रा भरते. माघातल्या साध्या दिवशी मात्र भिंतीला टेकून तासभर बसता येते. जालन्याच्या वैभवाची "जालना, सोने का पालना" ही जुनी म्हण सासूबाईंना ठाऊक होती, पण शहरातून वाहणारी कुंडलिका पाहून त्यांनी नुसते नाक मुरडले. नदीची अवस्था पाहता मलाही काही बोलवेना.

दुसऱ्या दिवशी अंबड आणि जांब. येथे एक सावधगिरीची सूचना. राजूरचा गणपती जालन्याच्या उत्तरेस, भोकरदन तालुक्यात. अंबड व जांब दक्षिणेकडे. नकाशावर सारे जवळ दिसते म्हणून एकाच दिवशी दोन्ही दिशा उरकण्याचा मोह होतो. ज्येष्ठांसोबत तो टाळावा. राजूर आम्ही राखून ठेवले. अंगारकीची गर्दी टाळून जाऊ. भोकरदनचीही गोष्टच तेवढी गाडीत सांगितली : प्राचीन भोगवर्धन ते हेच, सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत येथील लोकांची नावे आहेत आणि १९७०च्या दशकातील उत्खननात सापडलेली येथील हस्तिदंती मूर्ती, ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या इटलीतील पॉम्पेई नगरात मिळालेल्या मूर्तीशी मिळतीजुळती आहे. "म्हणजे आपल्याकडचं हस्तिदंत तिथवर गेलं?" सासूबाईंनी विचारले आणि पुढे बराच वेळ त्या गप्प होत्या.

अंबडची मत्स्योदरी देवी टेकडीवर आहे. टेकडीचा आकार माशासारखा, म्हणून हे नाव. वर जावयास पायऱ्या आहेत. गुडघे किंवा दम यांची तक्रार असणाऱ्यांनी हट्ट करू नये. आम्ही पायथ्याशीच हात जोडले. नवरात्रात येथे पाऊल ठेवावयास जागा नसते, हेही लक्षात असू द्यावे.

पुढे घनसावंगी तालुक्यातील जांब. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली रामनवमीस येथे झाला. मंदिरातील जुन्या मूर्ती ऑगस्ट २०२२ मध्ये चोरीस गेल्या होत्या. काही महिन्यांत पोलिसांनी त्या शोधून काढल्या. तेव्हा वर्तमानपत्रातील ती बातमी मीच सासूबाईंना वाचून दाखविली होती. आता त्या स्वतः पाहत होत्या. मान किंचित डावीकडे वळवून, शाबूत डोळा मूर्तीसमोर आणून, कितीतरी वेळ.

येथली कथा सर्वश्रुत आहे. बारा वर्षांचा नारायण विवाहमंडपातून निघून गेला. चोवीस वर्षांनी परतला तेव्हा राणूबाईंची दृष्टी गेलेली होती. पुत्राच्या हस्तस्पर्शाने ती परत आली असे सांगतात. कीर्तनकार त्या स्पर्शावर रंगतात. सासूबाई मात्र म्हणाल्या, "अगं, ती चोवीस वर्षं तिला कोणी सांभाळलं?"

थोरले बंधू गंगाधरपंत घरीच राहिले होते. श्रेष्ठ म्हणून ते ओळखले जातात. वडील सूर्याजीपंत नारायणाच्या बालपणीच वारले. आई, घर, देवपूजा हे सारे श्रेष्ठांनी व घरच्या बायकांनी चालविले असणार. अंध आईला न्हाणीघरापर्यंत नेणे, ताटात भाजी कोणत्या बाजूस आहे ते सांगणे, रात्री उठल्यास जागे होणे. चमत्काराच्या कथेत याला ओळही मिळत नाही. मी काही उत्तर दिले नाही. त्यांनी माझा कोपर चाचपून धरला आणि आम्ही बाहेर आलो.

कामाच्या दोनचार गोष्टी. जालन्यात उन्हाळा कडक असतो; कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. मुंबईहून वंदे भारत गाडी ३० डिसेंबर २०२३ पासून जालन्याला येऊ लागली, पुढे ती नांदेडपर्यंत वाढविली गेली. गाडीतून जाताना दर दीड-दोन तासांनी उतरून पाय मोकळे करावेत. खेड्यांतून स्वच्छतागृह मिळेलच असे नाही. ही अडचण नको म्हणून पाणी पिणे टाळणारे अनेक ज्येष्ठ असतात, ते अपायकारक आहे. लघवीची गोळी चालू असेल तर प्रवासाच्या दिवशी ती केव्हा घ्यावी, हे आधी डॉक्टरांना विचारावे. डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी सांगितलेली मुदत संपेपर्यंत धूळ, डोळ्यात पाणी जाणे, डोळा चोळणे व जड उचलणे वर्ज्य. थेंबांची बाटली उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नये.

परतताना रस्त्याकडेला मोसंबीची रास दिसली. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. मी रस घेऊ म्हणाले, तर सासूबाईंनी मधुमेहाची आठवण करून दिली. रसापेक्षा फोडी बऱ्या. त्यांनी एक फळ हाती घेतले, स्वतः सोलले, फोडीफोडीतून बिया वेचून रुमालावर मांडल्या आणि मोजून म्हणाल्या, "अकरा."