वादळाचे वेळापत्रक

पन्नाशी उलटली की माणसाने काशी-रामेश्वराचे बेत करावेत, असा आपल्याकडील शिरस्ता आहे. आम्ही त्या वयात समुद्राच्या तळाशी जाण्याचे बेत करू लागलो, याचे खापर तारकर्लीवर फोडणे योग्य होईल. सहा वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत मालवणास गेलो असता, पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून माणसांस पाण्याखाली नेतात असे ऐकले, आणि केवळ कुतूहलाने आम्ही आपले नाव नोंदविले. वीस मिनिटे खाली होतो. तीस वर्षे वर्गात उभे राहून बोलण्याची सवय जडलेल्या माणसास, जेथे बोलणे मुळी शक्यच नाही अशा जागी केवढा आनंद होतो, हे त्या दिवशी कळले. पुढे रीतसर शिक्षण घेतले, परीक्षा दिली आणि स्कूबाचे प्रमाणपत्र पदरात पाडून घेतले. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या गृहस्थास पाण्यात उतरू द्यावे की नाही, यावर आमच्या डॉक्टरांनी दोन वेळा विचार केला व तिसऱ्या वेळी सही केली.

आमची कन्या अमेरिकेत ह्यूस्टन येथे नोकरी करते. ती आमच्या आधीच पाणबुडी झाली होती. आमच्या सौभाग्यवती मात्र पाण्यात उतरत नाहीत. होडीत बसून आमचे बुडबुडे मोजतात, आणि ते थोडे दूरदूर येऊ लागले की नावाड्यास प्रश्न विचारतात. अशा या तिघांनी एकदा कॅरिबियन समुद्रात एकत्र सुटी घालवावी, असे २०२३ च्या दिवाळीत ठरले. कन्येस घरी येऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती, हे येथे सांगून ठेवणे बरे. कारण प्रवाळ आणि मासे ही या बेताची अर्धीच बाजू होती.

आता प्रश्न आला महिन्याचा. आमच्या कोकणात हा प्रश्न पडत नाही. मृग लागला की समुद्र बंद आणि नारळी पौर्णिमेस नारळ वाहिला की मोकळा. पाण्याखालची दृश्ये पाहणाऱ्याने पाऊस सरेपर्यंत घरी बसावे, हे पोरालाही ठाऊक असते. कॅरिबियन समुद्राचा गुंता निराळा आहे. तेथे डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत वादळाचे भय नसते. परंतु ईशान्येचे व्यापारी वारे त्या दिवसांत इतके जोर करतात की त्यांस ‘ख्रिसमस वारे’ असे नावच पडले आहे. बेटांच्या पूर्वेकडे लाटा उसळतात आणि होडी पश्चिमेच्या आडोशालाच काय ती चालते. मार्च ते मे वारा निवतो, पाऊस नसतो, पाणी काचेसारखे होते. हा खरा मोसम. जूननंतर पाणी अधिक उबदार होते, अठ्ठावीस-एकोणतीस अंशांपर्यंत जाते, आणि कित्येक दिवस समुद्र तळ्यासारखा पडून असतो. दक्षिणेकडील बेटांपाशी मात्र ओरिनोको नदीच्या पुराचे हिरवट पाणी येऊन दृष्टी थोडी मंदावते. पण खरी अडचण ती नव्हे. पाणी साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर तापलेले असावे आणि आकाशाच्या वरच्या थरांत वाऱ्यांची ओढाताण नसावी, एवढे जमले की आफ्रिकेकडून निघालेली एखादी हवेची लाट पश्चिमेस सरकता सरकता चक्राकार फिरू लागते. म्हणजे ज्या ऊबदार पाण्याची पाणबुड्या वर्षभर वाट पाहतो, त्याच पाण्यावर वादळही पोसते.

या वादळांचा सरकारी मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि त्याचे शिखर सप्टेंबरच्या दहा तारखेच्या आसपास. तिकडील खलाशांत एक बडबडगीत आहे. त्यात जूनला फार लवकर ठरविले असून ऑक्टोबरात सारे आटोपले असे म्हटले आहे. यमक जुळविणाऱ्यांवर हवामानाच्या बाबतीत विश्वास ठेवू नये, हे वाङ्मयाच्या प्राध्यापकास तरी समजावयास हवे होते. ज्या महाभयंकर वादळात वीस हजारांहून अधिक माणसे मेली, ते १७८० चे वादळ ऑक्टोबरातलेच. जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. अशा वादळांस इंग्रजीत ‘सायक्लोन’ म्हणतात, तो शब्द घडविला हेन्री पिडिंग्टन यांनी, आणि तोही कलकत्त्यास बसून. सर्पाच्या वेटोळ्यावरून तो १८४८ साली त्यांनी खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात आला. ‘हरिकेन’ हा शब्द मात्र त्या बेटांवरील मूळ रहिवाशांचा. ती माणसे बहुतेक नाहीशी झाली; वादळाचे नाव तेवढे मागे राहिले.

मार्चात आमच्या परीक्षा, आणि कन्येस रजा मिळे ती जुलैत किंवा नाताळात. नाताळात विमानाचे भाडे दुप्पट. तेव्हा जुलै ठरला. जागा निवडताना आम्ही नकाशे पुढे घेऊन बसलो आणि अगदी दक्षिणेकडचे कॅरियाकू नावाचे बेट निवडले. ग्रेनाडाच्या राज्यातले हे बेट ३४ चौरस किलोमीटरचे, काही हजार वस्तीचे. लाकडी गलबते हाताने बांधण्याची तेथील विद्या जुनी आहे. २०२३ साली युनेस्कोनेही तिची नोंद घेतली. ग्रेनाडाकडे मोठे वादळ क्वचितच फिरकते, १९५५ चे ‘जॅनेट’ आणि २००४ चे ‘आयव्हन’ अशी मोजकी नावे घेतली जातात, आणि तीही सप्टेंबरातली; असा आमचा युक्तिवाद. तो चुकीचा होता असे आजही म्हणता येणार नाही. फक्त वादळाने तो वाचला नव्हता.

उतरण्याची सोय एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी केली. सत्तरीच्या घरातील या बाई दोन खोल्या पाहुण्यांस भाड्याने देत. जानेवारी २०२४ मध्ये आम्ही सहाशे डॉलर आगाऊ धाडले, त्यावर त्यांचा ई-मेल आला: पैसे पोचले, परंतु तुम्हांस जमत असेल तर जुलैत येऊ नका, कार्निव्हल झाल्यावर मार्च-एप्रिलात या. आपल्याच गिऱ्हाइकास परत पाठविणारी ही घरमालकीण आमच्या सौभाग्यवतींस इतकी आवडली की तेव्हापासून आमच्या घरात त्यांचा उल्लेख नुसता ‘बाई’ असा होऊ लागला. सौभाग्यवतींनी त्यांस जायफळाविषयी विचारले. ग्रेनाडाच्या ध्वजावर जायफळ असते, आणि आमच्याकडे श्रीखंड त्यावाचून होत नाही, हे निमित्त. उत्तर आले की कॅरियाकू कोरडे, तेथे जायफळ होत नाही. ग्रेनाडातील बहीण पाठवते. पण ‘आयव्हन’ने झाडे मोडली तेव्हापासून पूर्वीसारखे मिळत नाही, कारण नवे झाड फळावर येण्यास सात-आठ वर्षे लागतात. या पत्रव्यवहारात हवामानाची बरीच माहिती होती. आम्ही ती पाककृतीच्या सदरात घातली.

२९ जून २०२४ रोजी बार्बाडोसमध्ये भारतीय संघाने वीस षटकांचा विश्वचषक जिंकला. आमच्या गल्लीत रात्री फटाके वाजले. दुसऱ्या दिवसापासून त्याच गल्लीत ‘बेरिल’ या वादळाचे नाव सर्वतोमुखी झाले, कारण आपली मंडळी ब्रिजटाऊनच्या हॉटेलात अडकून पडली होती. त्या वर्षी अटलांटिकचे पाणी जूनअखेरीसच सप्टेंबरइतके तापलेले होते. १ जुलैस, आमच्याकडे रात्रीचे पावणेनऊ वाजण्याच्या सुमारास, त्या वादळाचा डोळा कॅरियाकूवरून गेला. वाऱ्याचा वेग ताशी २४० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी तर ते पाचव्या श्रेणीस पोचले. इतक्या लवकर त्या श्रेणीस गेलेले वादळ अटलांटिकात पूर्वी नोंदलेले नाही. शेजारचे गृहस्थ जिन्यात भेटले व चिंतेने म्हणाले, “प्रोफेसर, आपली पोरं सुखरूप आहेत ना?” आम्ही होय म्हणालो. ती पोरे ४ जुलैस मायदेशी परतली आणि मुंबईत त्यांची मिरवणूकही निघाली.

आमच्याविषयी लिहावयाचे तर ते लिहिलेच पाहिजे. बेटावरील बहुतेक सर्व घरांची छपरे उडाली हे चित्र पाहिल्यावर आम्ही पहिली गोष्ट कोणती केली? आगाऊ रकमेच्या परताव्याची अट काय होती, हे शोधून काढले. ३ जुलैस बाईंस ई-मेल लिहिला. आरंभी दोन वाक्ये काळजीची. तिसऱ्यात आमचा बेत आता रहित करावा लागेल असे दिसते, तेव्हा रकमेविषयी आपल्या सवडीने कळवावे. इंग्रजी निर्दोष होते. विद्यार्थ्यांच्या निबंधांवर तांबडी शाई ओतण्यात आमचे आयुष्य गेले. परंतु ज्या बाईंच्या डोक्यावर छप्पर उरले आहे की नाही याचा पत्ता नाही त्यांच्याशी ‘सवड’ हा शब्द बोलू नये, हे आमच्या ध्यानात पत्र धाडल्यानंतरही दोन दिवस आले नाही. ते सौभाग्यवतींनी आणून दिले. त्या म्हणाल्या, “अहो, त्यांच्याकडे वीज तरी आहे का तुमचं इंग्रजी वाचायला?”

वीज नव्हतीच. उत्तर आले नाही. आणि एका आठवड्यात ते वादळ जमैकाजवळून, युकातानवरून फिरत फिरत, ८ जुलैस थेट टेक्सासच्या किनाऱ्यावर चढले. ह्यूस्टन अंधारात गेले; वीस लाखांहून अधिक जोडण्या बंद पडल्या. आमची कन्या पाच दिवस त्या भट्टीसारख्या उकाड्यात, मोटारीत फोन भारून घेत, दिवसातून दोन मिनिटे आमच्याशी बोले. त्या पाच दिवसांत आम्हांस प्रथमच असे वाटले की वादळ हे नकाशावरील चिन्ह नव्हे. सौभाग्यवतींस ते आधीपासून ठाऊक असावे.

१४ जुलैस बाईंचा निरोप आला, शेजाऱ्याच्या फोनवरून. चारच ओळी. छप्पर गेले, पुस्तके भिजली, दारचा आंबा पडला. मी बरी आहे. वादळ टेक्सासकडे गेल्याचे ऐकले, तुमची मुलगी तिकडेच ना, ती कशी आहे? बँक उघडली की तुमचे पैसे पाठवीन.

त्या दिवशी आम्ही लेखणी हाती घेतली ती सौभाग्यवतींनी सांगितलेले उतरवून घेण्यासाठी. त्यांनी मराठीत सांगितले: मुलगी बरी आहे, पैसे पाठवू नका, छपराला लावा. आम्ही त्यात ‘कृपया’ घालू लागलो, तो त्यांनी घालू दिला नाही.

यानंतर वर्षभर पाण्याचा विषय घरात निघाला नाही. मग कन्येने बोनेअरची टूम काढली. व्हेनेझुएलाच्या वर असलेले हे बेट वादळांच्या नेहमीच्या वाटेबाहेर आहे. तेथील समुद्र १९७९ पासून संरक्षित आहे. पाण्यात कोठे उतरावे ते रस्त्याकडेच्या पिवळ्या दगडांवर लिहिलेले असते, आणि मोटारींच्या पाट्यांवरही पाणबुड्यांचे नंदनवन असे शब्द असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात, पौर्णिमेनंतरच्या काही रात्री, तेथील प्रवाळ एकाच वेळी बीज सोडते. पाण्याखाली उलटा हिमवर्षाव व्हावा तसे ते गुलाबी कण वर चढतात म्हणे. म्हणजे इतरत्र वादळांचे शिखर तोच तेथला उत्सव. आम्ही मोहात पडलो, हे कबूल केले पाहिजे. नुसत्या बुद्धीने ठरवावयाचे तर बोनेअरच. तरी तेही निर्भय नाही: १९९९ च्या नोव्हेंबरात ‘लेनी’ नावाचे वादळ सर्व नियम मोडून पश्चिमेकडून पूर्वेस गेले, आणि नेहमी आडोशास असणाऱ्या त्या किनाऱ्याचे प्रवाळ त्याच्या लाटांनी मोडले. शिवाय २०२३ साली पाणी इतके तापले की कॅरिबियनमधील प्रवाळ ठिकठिकाणी पांढरे पडले. वादळ चुकविता येईल, तापलेले पाणी कोणत्या महिन्यात चुकवावे?

परंतु सौभाग्यवतींनी या सर्व विद्वत्तेस एका वाक्यात उत्तर दिले. “बाईंचं छप्पर झालं का ते आधी विचारा.”

विचारले. दोन खोल्यांचे झाले होते; या वेळी चारी बाजूंनी उतरते, आणि पत्रे नुसते खिळ्यांनी न ठोकता वासे लोखंडी पट्ट्यांनी भिंतीस बांधून. बाईंनी पुन्हा आपला जुना सल्ला दिला: मार्चात या, त्या दिवसांत समुद्र शहाणा असतो. उथळ पाण्यातील प्रवाळ बरेच मोडले आहे, खाली काय दिसेल ते मी सांगू शकत नाही, हेही लिहिले. मार्चात आम्हांस बिनपगारी रजा मिळू शकली असती. कन्येस ती मिळत नव्हती. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही दोघं जा ना, पाणी स्वच्छ असताना.” हे ती हसत म्हणाली, पण फोन ठेवण्यापूर्वी थोडी थांबली.

तेव्हा येत्या नाताळात जावयाचे ठरले आहे. भाडे दुप्पट पडले. ख्रिसमस वारे वाहतीलच. बाईंच्या ओळखीचा नावाडी म्हणतो की आठवड्यातील चार दिवस होडी निघाली तर नशीब समजावे. पैकी शेवटला दिवस आमच्या शास्त्राने बाद, कारण पाण्यातून वर आल्यावर अठरा तास विमानात बसता येत नाही. राहिले तीन. त्या तीन दिवसांसाठी अर्धी पृथ्वी ओलांडणे हा हिशेब कोणत्याही शहाण्या माणसास पटणार नाही, आणि आम्ही तो कोणास पटविण्याच्या भरीसही पडत नाही. सौभाग्यवतींनी बाईंसाठी श्रीखंडाच्या वड्या घेतल्या आहेत, त्यांत जायफळ जरा जास्त आहे.

काल बाईंचे बिल आले. खोल्यांचे भाडे, न्याहारी, धक्क्यापासून मोटार, असे सर्व शिक्षिकेच्या नीट अक्षरांत कागदावर लिहून त्याचे छायाचित्र धाडले आहे. अखेरच्या ओळीत, एकूण रकमेतून वजा करून लिहिले आहे: ‘जमा, जानेवारी २०२४ – ६०० डॉलर.’ छपरास दिलेले पैसे परत घेता येत नाहीत, हे त्यांस कोणत्या शब्दांत लिहावे याचा मसुदा आम्ही सकाळपासून करीत आहोत. दोन फाडून झाले. सौभाग्यवती म्हणतात की लिहूच नका, तेथे गेल्यावर त्या आणि मी पाहून घेऊ.