जात्याचे वजन

२०२० च्या ऑगस्टअखेरीस गोसेखुर्द धरणातून सोडलेल्या पाण्याने वैनगंगा फुगली आणि ब्रह्मपुरी तालुक्यातली नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. त्यांपैकी एका गावात आमचे जुने घर होते. पाणी ओसरल्यावर आम्ही तिथे पोचलो, तेव्हा मातीच्या भिंती बसल्या होत्या. पाट, पेट्या, लाकडी देवघर यांतले काहीच जागेवर नव्हते. जागेवर होते ते दगड. जाते, पाटा-वरवंटा आणि जिच्यावर देवघर मांडलेले असे ती संगमरवरी फळी. पाण्यात बुडालेल्या दगडाचे वजन एक तृतीयांशाहून अधिक घटते, असे आमचे भौतिकशास्त्राचे सहकारी सांगतात. तरी ते हलले नव्हते.

आई आमच्याबरोबर ब्रह्मपुरीला राहायला यायला तयार झाली, पण दगड घेऊनच. दुसऱ्या मजल्यावरच्या घरात जाते कशाला, हा प्रश्न आम्ही विचारला नाही. ओवी हा विषय वर्गात शिकवत आम्हा दोघांची पंधराएक वर्षे गेली आहेत. विचारायला तोंड नव्हते, हेच खरे.

फळी आमच्याच हातून गेली. चार फूट लांब, दोन फूट रुंद, पाऊण इंच जाड. म्हणजे चाळीस किलोंच्या आतबाहेर. आम्ही ती पाटासारखी आडवी धरून निघालो. गावातले एक म्हातारे गृहस्थ ओसरीच्या ढिगाऱ्यावरून ओरडले, "सर, गोट्याले झोपवू नोका, उभाच नेजा!" आम्हाला ते कळेपर्यंत मधोमध बारीक आवाज झाला होता. दगड दाब कितीही सोसतो, वाक मात्र सोसत नाही. आडवी धरलेली फळी स्वतःच्याच वजनाने मध्ये वाकू पाहते आणि खालच्या अंगाने तडकते. काचेप्रमाणे तिला कडेवर उभी धरून न्यायचे असते. हे एवढे साधे ज्ञान चाळिशी उलटेपर्यंत आमच्याकडे नव्हते. आई काही बोलली नाही. तुकडे मात्र दोन्ही घ्यायला लावले.

जात्याच्या वेळी आम्ही मुकाट्याने सांगेल तसे केले. वरचा दगड सरकवायचा नाही. सरकवला तर मधली खीळ मोडते किंवा भोकाच्या कडेचा टवका उडतो. दोघांनी समोरासमोर उकिडवे बसून, पाठ ताठ ठेवून, तो सरळ वर उचलायचा. खालचा दगड जमिनीत पुरलेला होता. चिखलात त्याची पकड अशी बसली होती, की सब्बल (पश्चिम महाराष्ट्रात जिला पहार म्हणतात ती) घालून चहूबाजूंनी माती मोकळी करावी लागली. एकाच बाजूने जोर दिला असता तर कड गेली असती. निघाल्यावर तो गोणपाटावरून चाकासारखा गडगडवत दारापर्यंत नेला, उंबऱ्यावर फळकूट टाकले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत धानाच्या तणशीचा जाड थर, त्यावर दोन्ही दगड, शेपटीकडे नव्हे तर आसाच्या वर. दळणाची तोंडे एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये पोते. ही दोन तोंडे वर्षानुवर्षे एकमेकांना झिजवत जुळलेली असतात. बदली दगड आणून चालत नाही.

वाटेत राइस मिलच्या काट्यावर, निव्वळ कुतूहलापोटी, आम्ही ते तोलले. वरचा दगड २७ किलो भरला, खालचा ३४.

त्या २७ पाशी आम्ही दोघेही थबकलो. ओवीचे चरण, तिसऱ्या चरणाअखेरचे यमक, माहेर, भाऊ, सासुरवास हे सारे आम्ही फळ्यावर लिहीत आलो. गोपाळपूरला जनाबाईचे म्हणून दाखवतात त्या जात्यापुढे विद्यार्थ्यांची सहल नेली. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या, हेही दरवर्षी सांगितले. पण पहाटे अंधारात एका हाताने फिरवायचा तो दगड किती किलोंचा, हे कुणी विद्यार्थ्याने विचारले नाही आणि आम्हालाही ते विचारण्याजोगे वाटले नाही. आईला विचारले, "गात होतीस का?" ती म्हणाली, "गायल्याबिगर फिरते का तो?" आम्ही ओवीला श्रमपरिहार म्हणत आलो आहोत. आई जे म्हणत होती ते परिहाराच्या अगदी उलट होते. गाणे तिच्या लेखी सब्बलीसारखे होते. त्या वर्षीच्या टिपणांतला तो शब्द आम्ही खोडला. दुसरा अजून सुचलेला नाही.

जिन्यावर दगड चढवणे हा निराळाच प्रकार. दोघे मिळून उचलतात असे दिसते खरे, पण भार बहुतेक सारा खालच्या पायरीवरच्या माणसावर येतो. आमच्यात खाली कोणी राहायचे यावरून वादही झाला. (तो इथे नको.) शेवटी दोन तरुण मजूर बोलावले, त्यांनी दोरखंडाची झोळी केली आणि प्रत्येक पायरीवर टेकत, न बोलता दगड वर आणले. खाली तुळई असलेल्या भिंतीलगत ते मांडले.

पाटा गच्चीत आहे. वरवंट्याला मात्र मागणी असते. इमारतीत बारसे असले की तो न्यायला कुणीतरी येते, कारण मिक्सरला कुंची घालून पाळण्याखालून-वरून देता येत नाही. परवा खालच्या मजल्यावरच्या सूनबाई आल्या. एका हाताने उचलू गेल्या, वजन लक्षात येताच दुसरा हात खाली घातला आणि तो छातीशी धरून जिना उतरल्या.

जात्याचा खुंटा पुरात गेला. सुताराने सागाचा करून देतो म्हटले. आई म्हणते सागाचा नको, बाभळीचा पाहिजे. बाभळीचा तुकडा अजून मिळालेला नाही.