वॉल काढून टाकू का?

‘स्पोर्ट्स कारच्या इंजिनाचं तापमान’ यावर लेख द्या, असा संपादकांचा फोन आला तेव्हा गॅरेजमधली पोरं हसली. देवळाली प्रवरात स्पोर्ट्स कार कुठली? आमच्याकडे उसाचे ट्रॅक्टर, टेम्पो आणि उन्हाळ्यात नगर-मनमाड रस्त्यावर वाफा सोडत थांबलेल्या शिर्डीच्या गाड्या येतात. पण मध्यंतरी एका इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं खरोखरच रेसची गाडी टेम्पोत घालून घेऊन आली. त्यांच्याशी झालेला वाद अजून मिटलेला नाही.

गाडी त्यांनीच बांधलेली. इंजिन चाकणला बनलेल्या जुन्या केटीएम 390 चं, 373 सीसी, एकच सिलिंडर. कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ‘फॉर्म्युला भारत’ ही विद्यार्थ्यांची स्पर्धा भरते, तिथे ती पळवायची होती. सरावात इंजिन तापत होतं. “काका, थर्मोस्टॅट काढूनच टाकू, की 71 अंशांचा मिळतो तो बसवू?”

हा 71 चा आकडा बाहेरून आलेला. 160 फॅरनहाइट म्हणजे 71 सेल्सिअस. पोर्शे बॉक्स्टरसारख्या गाड्यांचे हौशी मालक 80 च्या घरातला मूळ थर्मोस्टॅट काढून हा बसवतात आणि इंजिन वाचलं म्हणून समाधान मानतात.

आता थोडं तांत्रिक. कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडा. थर्मोस्टॅटमध्ये मेणाची डबी असते. 82 चा असेल तर 82 ला मेण वितळून फुगू लागतं, रेडिएटरच्या वाटेवरची झडप उघडायला लागते आणि पूर्ण उघडायला आणखी दहा-बारा अंश लागतात. म्हणजे तो आकडा इंजिनाच्या तापमानाची खालची मर्यादा ठरवतो, वरची नाही. वरची ठरते रेडिएटर, पंखा, हवेची वाट आणि पाण्याचा दाब यांवर. आमच्या भागात हे पटकन कळतं: धरणातच पाणी नसेल तर चारीचं दार सताड उघडून शेत भिजत नाही. 95 अंशांना 82 ची आणि 71 ची, दोन्ही झडपा जवळपास उघड्याच असतात, मग 71 चा काय वेगळं करणार?

आणि काढून टाकणं तर त्याहून वाईट. “मिस्तरी, तो वॉल काढून फेका” हे वाक्य मी रोज ऐकतो; वॉल म्हणजे हाच थर्मोस्टॅट. काढू नका म्हटलं की समोरून ठरलेलं उत्तर येतं, “हो ना, पाणी फार जोरात पळतं, त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही.” हे साफ चूक आहे. पाणी जोरात फिरलं तर रेडिएटरमधून उष्णता जास्तच निघते. खरं कारण निराळं. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅटच्या मागे दुसरी चकती असते, इंजिन तापल्यावर ती बायपासचं भोक बंद करते. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा राहतो, काही गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतं आणि थंड करायला निघालेली गाडी घाटात उकळते. चांगले शिकलेले लोकही मला ‘वेळ मिळत नाही’ हेच ऐकवतात. सल्ला बरोबर, कारण चूक! याचा राग मला चुकीच्या सल्ल्यापेक्षा जास्त येतो.

थंड इंजिनाचे तोटे कुणाला दिसत नाहीत, कारण थंड इंजिनातून वाफ येत नाही. तेल जाड राहतं, पेट्रोल त्यात मिसळतं, ओलावा उडून जात नाही, लायनर झिजतात. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं गाडी अजून गार आहे, म्हणून तो पेट्रोल वाढवतो. मुलांना हेच दाखवलं. त्यांच्या स्पर्धेत साधारण 22 किलोमीटरची एन्ड्युरन्स फेरी असते आणि तिच्यात जळलेल्या इंधनावरही गुण असतात. थर्मोस्टॅट काढून ते स्वतःचेच गुण जाळणार होते.

तरी 71 वाले वेडे आहेत असं मी म्हणणार नाही. रेडिएटरमध्ये ताकद शिल्लक असेल आणि इंजिन नॉकिंगच्या काठावर चालत असेल, तर थंड सिलिंडर-हेड कामाला येतं. तेल जाड राहायची भीतीही तिथे नाही, ट्रॅकवर पूर्ण थ्रॉटलला ते तापतंच. घरापासून बाजारापर्यंत जाणाऱ्या गाडीला मात्र तो थर्मोस्टॅट घातकच. या दोन्हींच्या मधे, रोज ऑफिसला आणि रविवारी लोणावळ्याच्या घाटात पळणारी गाडी असते. तिच्याबद्दल मी कंपनीचा आकडा ठेवा म्हणतो, पण टेबलावर मूठ आपटून नाही.

मुलांच्या गाडीचा दोष थर्मोस्टॅटमध्ये नव्हताच. रेडिएटर सीटच्या बाजूला, त्याच्यासमोर चाक, हवा बाजूने निघून जायची. नियमाप्रमाणे कुलंट चालत नाही, नुसतं पाणी (ट्रॅकवर सांडलं तर मागचा घसरू नये म्हणून). त्यामुळे उकळण्याविरुद्ध आधार फक्त कॅपच्या दाबाचा, आणि कॅपचं रबर चिरलेलं. कॅप बदलली, पत्र्याचा डक्ट वाकवून दिला, हवा अडकू नये म्हणून थर्मोस्टॅटच्या चकतीला बारीक भोक पाडलं. मूळ थर्मोस्टॅट जागच्या जागी.

अडलं ते पुढेच. एन्ड्युरन्समध्ये अर्ध्यावर ड्रायव्हर बदलतो, इंजिन बंद होतं. पाण्याचा पंप इंजिनावरच फिरतो, तोही थांबतो. हेडमधलं पाणी तिथेच उभं राहून तापतं आणि नेमकं त्याच वेळी गाडी पुन्हा सुरू करायची असते. मुलं म्हणतात इलेक्ट्रिक पंप लावू. मी म्हणतो वजन वाढेल, बॅटरी छोटी आहे, आधी थांबण्यापूर्वीची अर्धी फेरी हलक्या थ्रॉटलवर काढून बघा. त्यांचा कॅप्टन म्हणतो, काका, अर्ध्या फेरीत रेस जाते. पंपाचं वजन करून आणा म्हटलंय.